एकच किलोमीटर, दोनदा गहाण

एकाच जमिनीचा सातबारा दोन बँकांत गहाण ठेवला, तर त्याला आमच्या धंद्यात फसवणूक म्हणतात. शेतकऱ्याला नोटीस जाते, कागद तपासणाऱ्या कारकुनाला मेमो मिळतो, आणि ज्या साहेबांनी मंजुरी दिली ते साहेब 'मी फक्त सही केली' असं म्हणत लांबच्या शाखेत रुजू होतात. पण एखादा सुशिक्षित, पगारदार, आयकर वेळेवर भरणारा गृहस्थ एकच किलोमीटर दोनदा गहाण ठेवतो, तेव्हा त्याला कोणी मेमो देत नाही. उलट लोक त्याच्याकडे सल्ला मागायला जातात. असा गृहस्थ तुमच्याही पाहण्यात असेल. त्याच्याकडे डिझेलची वेगवान छोटी गाडी असते, आणि ती त्याने 'दोन्ही बाजूंनी विचार करून' घेतलेली असते.

दोन्ही बाजू म्हणजे पिकअप आणि अ‍ॅव्हरेज.

हा गृहस्थ बोलतो कसा, ते ऐकण्यासारखं असतं. "गाडी अशी सुटते म्हणून सांगू, पाठ सीटला चिकटते! आणि वर अ‍ॅव्हरेज बावीस!" माझं सगळं भांडण या 'आणि वर'शी आहे. वाहनकर्जाच्या टेबलावर बसून मी इतकी वर्षं हे 'आणि वर' ऐकत आलो आहे. साडीवर ब्लाऊजपीस मिळतो, भेळेवर पुरी मिळते, हे मला मान्य आहे. पण ज्या किलोमीटरला पाठ सीटला चिकटली, त्याच किलोमीटरला लिटरमागे बावीस कसे मिळाले? गाडी उडवली तर डिझेल उडतं. डिझेल वाचवलं तर गाडी उडत नाही. एक किलोमीटर तुम्ही पिकअपच्या नावावर तरी लावा, नाहीतर अ‍ॅव्हरेजच्या. दोघांच्या नावावर एकाच वेळी लावलात, तर ते दुबार तारण झालं.

आता ज्यांना या गाड्यांचा नाद नाही त्यांच्यासाठी थोडं. मागचं दार काचेसकट वर उघडतं अशी आखूड गाडी ती हॅचबॅक. तिच्यात ताकदवान इंजिन घातलं की इंग्रज तिला 'हॉट' म्हणतो. ही गरम गाड्यांची लाट युरोपात उठवली ती १९७६ साली आलेल्या फोक्सवॅगनच्या गोल्फ जीटीआयने. ती पेट्रोलवर चालायची. मग १९८२ साली त्याच कंपनीने गोल्फ जीटीडी काढली, शेवटचा 'डी' डिझेलचा, आणि तिच्यात घोडे होते ७०. होय, सत्तर! आपल्याकडे पुढे गल्लोगल्ली दिसणाऱ्या डिझेल स्विफ्टमध्ये ७५ होते. म्हणजे इतिहासाच्या दृष्टीने पाहिलं तर आमच्या चाळीतले निम्मे लोक गरम गाडी चालवत होते, आणि त्यांना कोणी सांगितलंच नाही.

जर्मनांनी मात्र पुढे आच वाढवत नेली. २०१३ च्या गोल्फ जीटीडीत १८४ घोडे होते आणि ती शून्यावरून ताशी शंभराला साडेसात सेकंदांत पोचत असे. आपल्याकडे हा मामला शंभराच्या आसपास घुटमळला. तिकडच्या भाषेत कोमटच. पण आपण ते 'गरम' म्हणून प्यालो, कारण आपल्याला कडकडीत कोणी दिलाच नव्हता.

या कोमट पातेल्याखाली जाळ घातला होता सरकारने. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल होतं ७३ रुपये १८ पैसे आणि डिझेल होतं ४० रुपये ९१ पैसे. पेट्रोलचं नियंत्रण २०१० सालीच उठलं होतं, डिझेलचं ऑक्टोबर २०१४ पर्यंत उठायचं होतं. शेतकऱ्याचा पंप आणि मालाचा ट्रक डोळ्यांसमोर ठेवून डिझेल स्वस्त ठेवलेलं. त्या स्वस्ताईच्या रांगेत आमचा मेहुणा केव्हा घुसला, ते ना शेतकऱ्याला कळलं ना ट्रकवाल्याला.

मेहुणा चाकणला सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात आहे, आणि त्याच्या दारात पोलो जीटी टीडीआय आहे. तो मला म्हणतो, "भावोजी, तुम्ही नुसते आकडे बघता." मी म्हणतो, "बाबा रे, मला त्याचाच पगार मिळतो."

तर आकडे बघू. २०१५ च्या सप्टेंबरात नवी फोर्ड फिगो आली, तेव्हा सगळ्यात स्वस्त पेट्रोल मॉडेल शोरूमच्या भावाने ४ लाख ३० हजारांना होतं आणि सगळ्यात स्वस्त डिझेल ५ लाख ३० हजारांना. फरक सरळ एक लाखाचा. (इतका सोपा आकडा कंपनीने दिला याबद्दल वाणिज्य शाखेच्या समस्त पदवीधरांतर्फे आभार.) हा लाख कोणी उशीखालून काढत नाही. तो कर्जातच जातो. ९ टक्क्यांनी पाच वर्षांत त्या लाखाचे हप्ते भरून होतात १ लाख २४ हजार ५०० रुपये. हे पैसे डिझेल कधी फेडतं ते पाहायचं. शहरात पेट्रोल गाडी लिटरला १४ देते आणि डिझेल १८, असं धरू. गाडीच्या जाहिरातीत डिझेल फिगोचा आकडा २५.८३ होता, आणि त्या ०.८३ पर्यंत बारकाईने मोजणाऱ्याला माझा नमस्कार असो. पण तो माणूस सिंहगड रोडवर संध्याकाळी सहा वाजता कधी आला नसावा.

मे २०१२ च्या भावाने किलोमीटरमागे २ रुपये ९५ पैसे वाचत होते. म्हणजे ४२ हजार किलोमीटरला हिशोब चुकता. घर ते बँक, रविवारी सासुरवाडी आणि वर्षातून एकदा कोकण असा माझ्यासारख्याचा संसार वर्षाला ८ हजार किलोमीटरचा. त्याला सव्वापाच वर्षं लागली असती. बरं, चालेल. पण भाव काही कोणाच्या हप्त्यांसाठी थांबत नाहीत. २४ जून २०२० रोजी दिल्लीत डिझेल पेट्रोलच्या वर गेलं. इतिहासात पहिल्यांदा! पेट्रोल ७९ रुपये ७६ पैसे, डिझेल ७९ रुपये ८८ पैसे. त्या दिवशीच्या भावाने हिशोब चुकता व्हायला ९९ हजार किलोमीटर हवेत, म्हणजे माझ्यासारख्याला बारा वर्षं. मार्च २०२४ मध्ये दोन्ही दोन-दोन रुपयांनी उतरले, पेट्रोल ९४ रुपये ७२ पैसे आणि डिझेल ८७ रुपये ६२ पैसे झालं. तेव्हाच्या भावाने साडेपासष्ट हजार किलोमीटर, आठ वर्षं. यात महाराष्ट्रात डिझेल गाडीवर पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त भरावा लागणारा रस्ताकर धरलेला नाही, आणि सर्व्हिसिंगही नाही.

आणि हे सगळं गाडी देवळात निघाल्यासारखी चालवली तर! पाठ सीटला चिकटवायची म्हटली की शहरातले अठराचे तेरा होतात. तेराने मांडून पाहा. मार्च २०२४ च्या भावाने किलोमीटरमागे वाचतात अडीच पैसे. सव्वा लाख रुपये अडीच-अडीच पैशांनी फेडायचे तर अठ्ठेचाळीस लाख किलोमीटर चालवावी लागेल. चंद्रावर सहा वेळा जाऊन यायचं, आणि तरी वर थोडे किलोमीटर उरतात, त्यात गॅरेजला जाऊन येणं होईल.

मेहुण्याला मी हा चंद्राचा हिशोब दाखवला. तो म्हणाला, "पण भावोजी, पेट्रोलवाल्यानेही दाबली तर त्याचेसुद्धा चौदाचे दहा होतील की." मुद्दा बिनतोड आहे. फक्त पेट्रोलवाला दाबत नाही, कारण दाबून काही होत नाही, नुसता आवाज वाढतो. आणि तो कधी 'आणि वर' म्हणत नाही. तो बिचारा गाडीला 'ठीक आहे' म्हणतो आणि पुढे टोमॅटोच्या भावावर बोलतो.

एवढं वाचून कोणाला वाटेल, हा माणूस डिझेलचा वैरी आहे. मुळीच नाही. मेहुण्याच्या गाडीत बसून मी खंबाटकीचा घाट चढलो आहे, आणि जे आहे ते आहे. पेट्रोलच्या छोट्या गाडीत घाटात पुढे उसाची ट्रॉली आली की घरातल्या सगळ्यांनी मिळून निर्णय घ्यावा लागतो. ए.सी. बंद करायचा, दुसरा गिअर टाकायचा, सौ.ने डावीकडून बघायचं, मुलाने मागून, मग इष्टदेवतेचं स्मरण. डिझेलमध्ये तिसऱ्या गिअरला पाय थोडा दाबला की ट्रॉली मागे. याचं कारण टॉर्क. घोडे किती हे कळतं गाडी पार ओरडायला लागल्यावर. टॉर्क म्हणजे चाकाला मिळणारा पिळाचा जोर, आणि तो डिझेलमध्ये इंजिन अजून गुणगुणत असतानाच हातात येतो. पेट्रोल फिगोचा टॉर्क होता ११२ न्यूटन मीटर, तोही ४००० फेऱ्यांवर. डिझेल फिगोचा २१५, आणि १७५० पासूनच. पोलो जीटी टीडीआयचा २५०, आणि तो १५०० पासून! ओव्हरटेक करताना समोरून येणाऱ्या एसटीच्या बाजूला आपण किती सेकंद असतो, हा माझ्या मते गाडीतला सगळ्यात महत्त्वाचा आकडा आहे. तो कुठल्याच जाहिरातीत छापत नाहीत. छापतात शून्य ते शंभर. शून्य ते शंभर माणूस करतो कुठे? टोलनाक्यावर. आणि तिथेही पुढे ट्रक असतो.

म्हणून तुलना करायची तर ती चाळीस ते ऐंशीची करावी, आणि रुपयांची करावी. इथे माझं मेहुण्याशी दुसरं भांडण सुरू होतं.

पोलो जीटी टीडीआय सप्टेंबर २०१३ मध्ये आली ती ८ लाख ८ हजारांना, घोडे १०५. एका घोड्याला पडले साधारण ७,७०० रुपये. दोन वर्षांनी आलेली फिगो ५ लाख ३० हजारांना, घोडे १००. एका घोड्याला ५,३००. आणि गंमत अशी, की फोर्डने सगळ्यात स्वस्त डिझेल मॉडेललासुद्धा तेच शंभर घोड्यांचं इंजिन दिलं. फोक्सवॅगनने काय केलं? २०१४ च्या जुलैत पोलोला नवं दीड लिटरचं डिझेल बसवलं. साध्या पोलोत त्याचे घोडे ९०, 'जीटी' लिहिलेल्या पोलोत १०५. घनता तीच, १४९८! घरातल्या दोन मुलांना एकाच पातेल्यातला चहा, फक्त एकाच्या कपात आलं.

हे १४९८ का, हे मात्र सांगायला हवं, कारण यातच या गाड्यांचा जन्म आहे. २००६ च्या अर्थसंकल्पापासून चार मीटरच्या आतली आणि डिझेल असेल तर १५०० घन सेंटिमीटरच्या आतली गाडी 'छोटी' ठरली, आणि छोटीला कर कमी. जीटी टीडीआयचं पहिलं इंजिन १५९८ चं होतं, म्हणजे गाडी आखूड असूनही ती करापुरती मोठी. जर्मन इंजिनियरांनी शंभर घन सेंटिमीटर कापून काढले ते आपल्या अबकारी खात्यासाठी. फिगोचं इंजिनही १४९८. २०२५ च्या सप्टेंबरात जी.एस.टी. २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तोसुद्धा याच मोजपट्टीने. गाड्यांचा आकार वाऱ्याच्या बोगद्यात ठरतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा अर्थखात्याचं परिपत्रक वाचावं.

तर वेगात कोण पुढे? शून्य ते शंभरला दोघी दहा-अकरा सेकंदांच्या घरातल्या. पोलो साडेअकराशे किलोंच्या वर, फिगो तिच्याहून शंभराच्या आसपास किलोंनी हलकी, म्हणून पाच घोडे कमी असूनही ती मागे पडत नाही. शिवाय डिझेलही कमी पिते. मेहुणा म्हणतो, "पण पोलोचं दार लावून बघा, भावोजी. कसा आवाज येतो!" मी लावून बघितलं. 'धप्प' असा येतो, तिजोरीसारखा. फिगोचा 'ठप्प' येतो. एका 'ध'साठी पावणेतीन लाख! देवनागरीतलं हे सगळ्यात महाग अक्षर असावं.

पोलोवर अन्याय नको. शंभराच्या वर गेल्यावर ती रस्त्याला जशी धरून राहते तशी फिगो राहत नाही, हे मान्य. आणि जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने एअरबॅग नसलेली पोलो आपटून शून्य तारे दिल्यावर कंपनीने बिनबॅगेची पोलो विकणं बंद केलं, सगळ्यांना दोन एअरबॅगा दिल्या, आणि त्या गाडीला चार तारे मिळाले. त्या पैशांना मी नावं ठेवणार नाही. ज्याला वेगात जायचं आहे त्याने आधी थांबण्याचे आणि आपटण्याचे पैसे द्यावेत. 'ध'चे देऊ नयेत.

राहिल्या स्विफ्ट आणि पुंटो. दोघींत मुळात एकच इंजिन, फियाटचं १.३ लिटरचं, जे इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत बसलं की लोक त्याला राष्ट्रीय इंजिन म्हणू लागले. स्विफ्टमध्ये ७५ घोडे, पुण्याजवळच्या रांजणगावला बनणाऱ्या पुंटोच्या वरच्या मॉडेलात टर्बो निराळा म्हणून ९३. टर्बो म्हणजे गाडीच्याच धुराने फिरणारा पंखा, जो इंजिनात जास्त हवा कोंबतो. पण धूर पुरेसा व्हायला इंजिन आधी फिरायला हवं, म्हणून दोन हजार फेऱ्यांपर्यंत या गाड्या आमच्या हेड कॅशियरसारख्या वागतात. काम सांगितलं की आधी चष्मा शोधतात. मग एकदम असं काम करतात की पुढचे चार ग्राहक दचकतात. पुंटो चालवायला फार गोड, वजनाला फार जड. तिचं कौतुक करणारे पुष्कळ होते, घेणारे थोडे. याहून जास्त वेळ मी त्यांच्यावर घालवत नाही, बाजारानेही घालवला नाही.

मात्र त्याच रांजणगावहून ऑक्टोबर २०१५ मध्ये जी आली तिने माझा मुद्दा सिद्ध केला. अबार्थ पुंटो. पेट्रोल, १४५ घोडे, किंमत ९ लाख ९५ हजार. एका घोड्याला ६,९०० च्या आत. वेगात आपल्या सगळ्या कोमट डिझेलना ती पाणी पाजत होती. मग पिकअपचे भक्त तिच्यावर तुटून पडले का? छे. शोरूममध्ये गेले, सीटवर बसले, आरशात स्वतःकडे पाहिलं आणि विचारलं, "अ‍ॅव्हरेज काय?" सेल्समनने खरं सांगितलं. ते उठून आले. फारशी न खपताच ती गेली, कारण तिच्यात लपायला जागा नव्हती. ती घेणाऱ्याला बायकोपुढे, बापापुढे आणि माझ्या टेबलापुढे उभं राहून सांगावं लागलं असतं, की ही मी मजेसाठी घेतो आहे. डिझेलवाल्याला ते कधी सांगावं लागलं नाही. त्याला पिकअपची पापं अ‍ॅव्हरेजच्या गंगेत धुता आली.

गंगेचंही एकदा पितळ उघडं पडलं. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने फोक्सवॅगनला नोटीस दिली. डिझेल गाड्यांत असं सॉफ्टवेअर होतं की धुराची तपासणी चालू आहे हे गाडी ओळखे, तेवढ्यापुरती शहाण्यासारखी वागे, आणि रस्त्यावर आली की वाटेल तसा धूर सोडे. जगभरात अशा एक कोटीच्या वर गाड्या निघाल्या. डिसेंबर २०१५ मध्ये भारतात ३ लाख २३ हजार ७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचं जाहीर झालं. जग हादरलं. आम्ही बँकवाले हादरलो नाही. इन्स्पेक्शनच्या दिवशी शाखा कशी दिसते हे आम्हाला ठाऊक आहे. त्या दिवशी काउंटरवर पेन असतं, पेनला दोरी असते, पंखा फिरतो, आणि ग्राहकाला 'बसा' म्हटलं जातं. गाडीने तेच केलं, एवढंच.

पण इथे मात्र मला हसू येत नाही. किलोमीटर दोनदा गहाण ठेवला तर बुडतो तो ठेवणारा. त्याचे पैसे, त्याचा संसार. हा किलोमीटर तिसऱ्यांदाही गहाण पडलेला असतो, आणि त्याचं व्याज मागचा दुचाकीवाला भरतो. तो मीच असतो, म्हणून मला माहीत. काही हजार रुपयांत गाडीचा संगणक 'रिमॅप' करून वीस-तीस घोडे वाढवून देणारे आहेत. असा घोडेवाढ केलेला तरुण सिग्नल सुटल्यावर पुढे जातो आणि मागे जो काळा ढग राहतो, त्यात मी, एक डबेवाली बाई आणि शाळेची रिक्षा असे तिघं असतो. त्याच्या 'व्हॅल्यू फॉर मनी'त आमची फुप्फुसं कुठल्या रकान्यात मांडली आहेत? विमा कंपनीलाही त्याने कळवलेलं नसतं. अपघात झाला आणि त्यांनी बोनेट उघडून पाहिलं, तर दाव्याचं काय होईल ते मी टेबलावरून पुष्कळ पाहिलं आहे.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम आले. धूर गाळण्याची यंत्रणा सक्तीची झाली, आणि ती बसवल्यावर छोट्या डिझेलची किंमत कंपन्यांना परवडेना. मारुतीने डिझेल सोडलं, पोलोचं डिझेल गेलं, २०२१ च्या सप्टेंबरात फोर्डने भारतात गाड्या बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं, २०२२ मध्ये पोलोच गेली. टाटांची आल्ट्रोझ मात्र २०२५ च्या मेमध्ये नव्याने सजून आली तेव्हाही डिझेल बाळगून होती, ९० घोडे. याचा अर्थ काय? मागच्या माणसाच्या फुप्फुसाचे पैसे हिशोबात धरल्याबरोबर 'आणि वर'चा धंदा मोडला. हे मी म्हणत नाही, कंपन्यांच्या ताळेबंदांनी म्हटलं.

मेलेल्या माणसाचे गुण आठवावेत तसं आता या गाड्यांचं झालं आहे. जुन्या बाजारात जीटी टीडीआयला 'शेवटची खरी गाडी' म्हणून भाव मिळतो आणि त्याच वयाची फिगो, कंपनी गेली म्हणून, कोपऱ्यात तुलनेने स्वस्त उभी असते. आमच्या शाखेतल्या एका नव्या मुलाने मागच्या महिन्यात २०१४ च्या जीटी टीडीआयसाठी कर्जाचा अर्ज माझ्या टेबलावर ठेवला. पाच वर्षांचे हप्ते. मी त्याला म्हटलं, "अरे, या गाडीची नोंदणी २०२९ साली संपते. तुझं कर्ज त्याच्याही पुढे जातं. पुढे गाडी तपासून घ्यायची, पुन्हा नोंदवायची, आणि तोवर इंजेक्टर आणि टर्बो यांपैकी एकाने तरी तुला हिसका दाखवलेला असेल. डिझेलचा इंजेक्टर म्हणजे स्कूटरचा प्लग नव्हे."

तो म्हणाला, "पण सर, अ‍ॅव्हरेज बघा ना."

मी त्याला चंद्राचा हिशोब दाखवला नाही. मी म्हटलं, "तुझं वय पंचवीस, पगार तुझा, लग्न नाही. वेगाची मजा हवी आहे ना? मग घे. पण तेवढ्याच मजेची फिगो घे, टायर चांगले टाक, रिमॅप करू नकोस, आणि उरलेल्या पैशांत एकदा आईला काशीला ने. आणि अर्जात 'कर्जाचं प्रयोजन' असा रकाना आहे, त्यात सरळ 'मजा' असं लिही. मी शिफारस करतो, साहेबांशी मी बोलतो."

तो बराच वेळ पेन हातात धरून बसला. मग त्याने फिगोची चौकशी केली, किंमत लिहून घेतली, आईचं ऐकून थोडा ओशाळलाही. रकान्यात मात्र त्याने 'कार्यालयीन प्रवास व इंधनबचत' असंच लिहिलं. त्याची खोली शाखेपासून चालत नऊ मिनिटांवर आहे.